यूकेतली ऑनर्स डिग्री : फर्स्ट, टू-वन, टू-टू नक्की ठरतं कसं?

मृण्मयी_को
नमस्कार मंडळी. लेक इंग्लंडात बी.एस्सी. ऑनर्स करतेय, विषय अर्थशास्त्र, हे शेवटचं वर्ष. दुसऱ्या वर्षाचे सहा विषय प्रत्येकी २० क्रेडिटचे होते. त्यात तिला ६९, ६८, ६५, ६४, ६२ आणि ५१ पडले. यंदाच्या पहिल्या सत्राच्या दोन विषयांत ७१ आणि ६६ आहेत. आता २० क्रेडिटचे आणखी दोन विषय आणि ४० क्रेडिटचं डिझर्टेशन (प्रबंध) बाकी आहे.

ती म्हणते, "आई, फर्स्ट हुकणार बहुतेक." तिचे बाबा म्हणतात, साठच्या वर आहे म्हणजे फर्स्ट क्लास आहेच की. दोघांचं फोनवर वाजतं आणि मी मध्ये. पहिलं वर्ष धरतच नाहीत असंही ती सांगते. हा हिशोब कसा करतात, आणि तिला अजून फर्स्ट मिळू शकतो का, हे कुणी नीट समजावून सांगेल का? पुढे मास्टर्सचा विचार आहे, म्हणून काळजी.

अथर्व_नाशिक
धागा वाचतोय. मलाही पुढच्या वर्षी जायचं आहे.

टेम्सकाठ
मृण्मयीताई, मी इथल्या एका विद्यापीठात शिकवतो आणि दरवर्षी जूनमध्ये एक्झाम बोर्डात, म्हणजे निकाल ठरवणाऱ्या समितीत, बसतो. सविस्तर लिहितो, कारण या विषयावर अर्धवट माहितीच जास्त फिरते.

आधी बाबांच्या शंकेचं. इथे ७० आणि वर म्हणजे फर्स्ट, ६० ते ६९ अप्पर सेकंड म्हणजे टू-वन, ५० ते ५९ लोअर सेकंड म्हणजे टू-टू, ४० ते ४९ थर्ड. पासिंग ४० ला. आपल्याकडचा साठ टक्क्यांचा फर्स्ट क्लास आणि इथला फर्स्ट यांचा काही संबंध नाही. निबंधवजा विषयांत ७२ म्हणजे उत्तम काम, ८० क्वचित दिसतात, आणि ९० दिले तर दुसरा परीक्षक कारण विचारतो. तुमच्या मुलीचे ६५, ६८ हे चांगले गुण आहेत. "पस्तीस गुण कुठे गेले" असं तिला कृपा करून विचारू नका. इथली भारतीय मुलं पहिल्या वर्षी याच प्रश्नाने खचतात.

आता हिशोब. इंग्लंडात ऑनर्स पदवी ३६० क्रेडिटची असते, दर वर्षी १२०. एक क्रेडिट म्हणजे वर्ग, वाचन, लेखन सगळं धरून साधारण दहा तासांचं काम. पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी फक्त पास व्हायचं असतं, वर्गवारीत त्याचं वजन शून्य. सरसकट सगळीकडे असं नाही, पण बहुतेक ठिकाणी. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची सरासरी वेगवेगळी काढतात. ती काढताना क्रेडिटचं वजन धरतात, म्हणजे ४० क्रेडिटचं डिझर्टेशन २० च्या विषयाच्या दुप्पट मोजलं जातं. मग या दोन सरासऱ्या ठरावीक प्रमाणात मिसळतात.

हे प्रमाण देशभर एक नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. इथल्या विद्यापीठांना पदवी देण्याचा स्वतःचा अधिकार असतो आणि नियमही ज्याचे त्याचे. कुठे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं प्रमाण ५०:५०, कुठे ४०:६०, कुठे एक तृतीयांश-दोन तृतीयांश, कुठे २५:७५.

तुमच्या मुलीचंच उदाहरण घेऊ. दुसऱ्या वर्षाची बेरीज ३७९, सरासरी ६३.१७. एकूण ७० यायला तिसऱ्या वर्षी किती हवेत? ५०:५० असेल तर ७६.८. ४०:६० असेल तर ७४.६. एक-दोन तृतीयांशात ७३.४. आणि २५:७५ असेल तर ७२.३. मुलगी तीच, मेहनत तीच, फक्त नियमावली बदलली आणि साडेचार गुणांचा फरक पडला.

शेवटच्या वर्षाला जास्त वजन देण्यामागचा विचार असा, की विद्यार्थी बाहेर पडताना कुठे पोचला आहे ते महत्त्वाचं. उलट बाजूही आहे. सगळं ओझं शेवटच्या काही महिन्यांवर येतं, आणि नेमकं तेव्हा आजारपण किंवा घरात काही घडलं तर दोन वर्षांची मेहनत पुरेशी बोलत नाही. माझं स्वतःचं मत ४०:६० च्या आसपासचं.

तिच्या विद्यापीठाची नियमावली शोधा. ती संकेतस्थळावर उघड असते, शिवाय तिच्या कोर्सच्या हँडबुकात असते. प्रमाण कळलं की इथे लिहा, पुढचं सांगतो.

गणितमास्तर
उत्तम प्रतिसाद. आमच्या वेळी मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.चा क्लास फक्त टी.वाय.च्या गुणांवर लागायचा, त्यामुळे "शेवटचं वर्ष महत्त्वाचं" ही कल्पना आपल्याला तशी परकी नाही.

पण एक प्रश्न पडतो. ६९.४ आणि ६०.१ दोघेही टू-वन. आणि ६९.४ विरुद्ध ७०.१ मध्ये मात्र आयुष्यभराचा शिक्का वेगळा. मोजमाप करताना इतकी माहिती फेकून का द्यायची? सरासरीच छापा ना सरळ.

टेम्सकाठ
मास्तर, हा प्रश्न इथे अधिकृतपणे विचारला गेला आहे. रॉबर्ट बर्जेस यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने २००७ च्या अहवालात ही वर्गवारी आता कालबाह्य झाली आहे, असं स्पष्ट म्हटलं. त्यातून विद्यार्थ्याच्या सगळ्या कामगिरीचा एक तपशीलवार दाखला द्यायची कल्पना पुढे आली. काही विद्यापीठं तो देतात. पण वर्गवारी गेली नाही. नोकरी देणाऱ्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं आणि पालकांनाही. विषयवार गुणांचं ट्रान्स्क्रिप्ट मात्र सगळीकडे मिळतं आणि मास्टर्सच्या प्रवेशाला तेच वाचतात.

काठावरच्या मुलांसाठी वेगळे नियम असतात, त्यावर लिहितोच.

शुभदा_एडि
स्कॉटलंडचं वेगळं आहे म्हणून लिहिते. इथे ऑनर्स चार वर्षांची, ४८० क्रेडिट. पहिली दोन वर्षं पाया, आणि वर्गवारी साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या वर्षावर. गुणांची पट्टीसुद्धा सगळीकडे शंभराची नाही. ग्लासगोला २२ ची पट्टी आहे. तिथे १८ किंवा वर सरासरी म्हणजे फर्स्ट, आणि १७.१ ते १७.९ मध्ये फर्स्ट की टू-वन ते बोर्ड ठरवतं. सेंट अँड्र्यूजला २० ची पट्टी, तिथे १६.५ ला फर्स्ट. काठावरच्या मुलांसाठी तिथे सरासरीबरोबर मध्यकही (गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) पाहतात. गणितमास्तरांना हे आवडेल.

आणखी एक. एडिनबरा, ग्लासगो, सेंट अँड्र्यूज इथे कलाशाखेची पहिलीच पदवी एम.ए. म्हणून मिळते. आपल्याकडचे नातेवाईक ऐकतात आणि मुलीने डबल ग्रॅज्युएशन केलं असं समजतात. ती ऑनर्स पदवीच आहे.

गणितमास्तर
शुभदाताई, मध्यक खरंच आवडला. सहा विषयांत पाच ठिकाणी ७० च्या वर आणि एकात ४५ असेल, तर त्या एकाने सरासरी पाडली तरी मध्यक फारसा हलत नाही. विद्यार्थ्याची नेहमीची पातळी त्यातून जास्त खरी दिसते.

टेम्सकाठ
आता काठावरचे नियम. तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला म्हणजे बॉर्डरलाइन. बऱ्याच ठिकाणी वरच्या वर्गाच्या सीमेखाली दोन गुणांचा पट्टा असतो, फर्स्टसाठी ६८ पासून. त्या पट्ट्यात सरासरी आली, आणि शेवटच्या वर्षाचे किमान निम्मे क्रेडिट ७० किंवा वर असले, तर वरचा वर्ग मिळतो. हे ग्रेस मार्क नव्हेत. बोर्डाला दया येते म्हणून कुणी वर जात नाही. अट लिहिलेली असते, ती पूर्ण झाली की मिळतं, नाही झाली की नाही मिळत. पूर्वी बोर्डात "मुलगी चांगली आहे, सेमिनारला नेहमी बोलते" असली चर्चा व्हायची. ती बंद झाली हे फार बरं झालं, कारण त्या चर्चेत न बोलणाऱ्या, परदेशी, लाजऱ्या मुलांचं नुकसान व्हायचं. आता आमच्यापुढच्या यादीत बहुतेक वेळा नावंही नसतात, फक्त क्रमांक.

दुसरा, सर्वांत कमी गुणांचे काही क्रेडिट वगळणे. काही विद्यापीठं प्रत्येक वर्षातले सर्वांत खराब २० क्रेडिट सोडून सरासरी काढतात. काही अजिबात नाही.

तिसरा, पूर्णांक करणे. ६९.५ ला ७० धरायचं की नाही.

समजा मुलीला पुढच्या दोन विषयांत ६८ आणि ७२, डिझर्टेशनला ७४ मिळाले. तिसऱ्या वर्षाची क्रेडिटनुसार सरासरी ७०.८३. एक-दोन तृतीयांश प्रमाणाने एकूण ६८.२८. जिथे बॉर्डरलाइनचा नियम नाही तिथे हे सरळ टू-वन. जिथे आहे तिथे तिचे ८० क्रेडिट ७० च्या वर आहेत, म्हणून फर्स्ट. जिथे खराब २० क्रेडिट वगळतात तिथे दुसऱ्या वर्षातले ५१ आणि तिसऱ्यातले ६६ गळतात, सरासरी ६५.६ आणि ७१.८ होते, एकूण ६९.७३, आणि पूर्णांक करत असतील तर ७०. आणि ५०:५० वाल्या विद्यापीठात याच गुणांचे जेमतेम ६७.

रोखठोक_सातारा
म्हणजे पदवी कुठून घेतली यावर क्लास ठरणार. हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. आणि ऐकतो की हल्ली फर्स्ट सगळ्यांनाच मिळतो. मग त्याची किंमत काय राहिली?

टेम्सकाठ
"सगळ्यांनाच" नाही, पण वाढ झाली हे खरं. इंग्लंडात २०१०-११ ला शंभरातल्या पंधरा-सोळा जणांना फर्स्ट मिळायचा. २०२०-२१ मध्ये, कोविडच्या काळात, हा आकडा ३७ च्या वर गेला. त्या वेळी विद्यापीठांनी "महामारीमुळे कुणाचं नुकसान होऊ देणार नाही" असे नियम केले होते. ते उठल्यावर २०२१-२२ ला आकडा ३३ च्या खाली आला.

वाढीची कारणं एकच एक नाहीत. शिकवणं सुधारलं, मूल्यमापनाचे निकष विद्यार्थ्यांना आधी मिळू लागले, मुलं फी भरून जास्त जिद्दीने अभ्यास करतात, हे सगळं आहे. पण नियमावलीही सैल झाली. काही ठिकाणी दोन-तीन सूत्रांनी हिशोब करून त्यातला सर्वांत चांगला निकाल द्यायचे. माझा याला ठाम विरोध आहे. सूत्र एक असावं, आधी जाहीर असावं, आणि त्यामागचं शैक्षणिक कारण सांगता यावं. २०१९ पासून विद्यापीठांनी आपले निकाल आणि सूत्र यांचं निवेदन प्रसिद्ध करायचं ठरलं, आणि २०२० मध्ये सूत्र कसं असावं याची तत्त्वंही आली. त्याने चित्र थोडं स्वच्छ झालं आहे.

शिवाय प्रत्येक कोर्सवर दुसऱ्या विद्यापीठाचा एक्स्टर्नल एक्झामिनर असतो. तो उत्तरपत्रिकांचे नमुने वाचतो आणि बोर्डात बसतो. अन्याय पूर्ण थांबतो असं मी म्हणणार नाही, पण मनमानीला लगाम बसतो.

वारणाकाठचा
मी नोकरी करत करत ओपन युनिव्हर्सिटीची, म्हणजे इथल्या दूरशिक्षणाच्या विद्यापीठाची, ऑनर्स केली. तिथला हिशोब ऐकून माझ्या ऑफिसातले इंग्रजसुद्धा गोंधळायचे. मी केली तेव्हा प्रत्येक मॉड्यूलला, म्हणजे विषयाला, श्रेणी होती, डिस्टिंक्शनला १, मग २, ३, ४. क्रेडिटला श्रेणीने गुणायचं, आणि वरच्या पातळीच्या १२० क्रेडिटना परत दुप्पट करायचं. बेरीज जितकी कमी तितकं चांगलं. ६३० पर्यंत फर्स्ट, ९०० पर्यंत टू-वन, ११७० पर्यंत टू-टू.

म्हणजे खालच्या पातळीवर सगळीकडे ३ असेल तर ३६०, आणि वरच्या पातळीवर सगळीकडे २ असेल तर ४८०, एकूण ८४०, टू-वन. वरच्या पातळीवर सगळीकडे डिस्टिंक्शन काढली तर २४० आणि ३६०, म्हणजे ६००, फर्स्ट. आधी जेमतेम असलेला माणूस नंतर वर येऊ शकतो. रात्रपाळी करून शिकणाऱ्याला याचा फार आधार असतो. शिफ्ट बदलली, मूल लहान होतं, त्या वर्षांची श्रेणी कमी आली तरी दार बंद होत नाही.

अथर्व_नाशिक
दादा, नापास झालं तर?

रानजाई
अथर्व, याचं मी सांगते, मी यातून गेले आहे. रिसिट म्हणजे फेरपरीक्षा देता येते, पण तिथे गुणांना कॅप असते, साधारण पासिंगइतकी, म्हणजे ४०. पेपर ७५ चा लिहिलास तरी हिशोबात ४० च धरतात.

पण कारण खरं असेल तर वेगळं. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या आठवड्यात बाबा सांगलीला आयसीयूत होते. मी परीक्षेआधीच अर्ज केला आणि हॉस्पिटलचे कागद जोडले. मला नंतर परीक्षा मिळाली ती "फर्स्ट सिट" म्हणून, म्हणजे पहिल्यांदाच देतेय असं धरून, कॅप नाही. लक्षात ठेव, अशा अर्जाने गुण वाढवून मिळत नाहीत, नवी संधी मिळते. आणि अर्जाची मुदत असते. आपली मुलं "कशाला सांगायचं घरचं" म्हणून गप्प बसतात आणि निकालानंतर रडतात. तेव्हा फार उशीर झालेला असतो. आजारपण, मृत्यू, मानसिक त्रास, काहीही असो, त्याच आठवड्यात कळवा. कागद मराठीत असेल तर भाषांतर करून जोडा.

शुभदा_एडि
रानजाई, +१. पर्सनल ट्यूटर, म्हणजे विद्यार्थ्याला नेमून दिलेला शिक्षक, याचसाठी असतो.

स्नेहल_ठाणे
मास्टर्सबद्दल विचारायचं होतं. "टू-वन ऑर इक्विव्हॅलंट" मागतात. माझी मुंबई विद्यापीठाची पदवी आहे, सीजीपीए आहे. त्याचं काय धरतात? आणि आता आपल्याकडेही चार वर्षांची ऑनर्स आली, ती घेतली तर टू-वन मोजणार का?

टेम्सकाठ
स्नेहल, प्रत्येक ब्रिटिश विद्यापीठाचं स्वतःचं रूपांतर असतं आणि ते भारतातल्या विद्यापीठानुसारही बदलतं. एक ठिकाण ६० टक्के मागेल, दुसरं त्याच कोर्सला जास्त. भारतासाठीच्या प्रवेश-पानावर ते लिहिलेलं असतं. सीजीपीएचं रूपांतर स्वतःच्या मनाने करून लिहू नकोस. तुझ्या विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेवर असेल तर तेच दे, नसेल तर सीजीपीए आहे तसाच.

नव्या शैक्षणिक धोरणातली ऑनर्स आणि इथली ऑनर्स या दोन वेगळ्या गोष्टी. आपल्याकडे यूजीसीच्या चौकटीत तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट, चौथं वर्ष करून १६० झाले की ऑनर्स. ऑनर्स विथ रिसर्च हवी तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. तिथे ऑनर्स म्हणजे एक वर्ष जास्त. इथे इंग्लंडात तीन वर्षांतच ऑनर्स होते, आणि कुणाचे क्रेडिट कमी पडले, साधारण ३०० च झाले, तर त्याला ऑनर्सशिवाय साधी पदवी मिळते. इथले वर्षाचे १२० क्रेडिट आणि आपले वर्षाचे ४० समोरासमोर ठेवून गुणाकार-भागाकार करू नका. दोन्ही एकेका वर्षाच्या अभ्यासाचेच आहेत, मोजपट्टी वेगळी. २०२२ मध्ये दोन्ही देशांचा पदव्यांना परस्पर मान्यता देण्याचा करारही झाला आहे.

वारणाकाठचा
नोकरीचं पण सांगतो, मुलं उगाच घाबरतात. एके काळी टू-वन नसेल तर मोठ्या कंपन्यांचा ऑनलाइन अर्जच पुढे जायचा नाही. आता तसं सरसकट नाही. पीडब्ल्यूसी या मोठ्या ऑडिट-सल्ला कंपनीने २०२२ मध्ये टू-वनची अट काढून टाकली. टू-टू वाली मुलं इथे उत्तम कामं करतायत, मी रोज बघतो.

मृण्मयी_को
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांनी हा धागा दोनदा वाचला आणि लेकीला स्वतःहून फोन केला. "६५ चांगले आहेत गं" असं त्यांच्या तोंडून ऐकून ती गप्पच झाली. टेम्सकाठ, त्या एका वाक्याबद्दल तुमचे विशेष आभार.

नियमावली सापडली. प्रमाण एक तृतीयांश-दोन तृतीयांश. खराब क्रेडिट वगळत नाहीत. बॉर्डरलाइन ६८ पासून, आणि शेवटच्या वर्षाचे किमान ६० क्रेडिट ७० किंवा वर हवेत. आम्ही तिघांनी व्हिडिओ कॉलवर हिशोब केला. डिझर्टेशन ७२, बाकीचे दोन ७० आणि ७१ धरले, तर एकूण ६७.९४ येतात. हे ६८ धरतील का?

गणितमास्तर
ताळा करून पाहिला, ६७.९४ बरोबर आहे. ६८ गाठायला उरलेल्या ८० क्रेडिटमध्ये सरासरी ७१.४ लागतील. थेट ७० गाठायचे तर तीच सरासरी ७५.९ लागेल. म्हणजे तिचा रस्ता बॉर्डरलाइनचा.

टेम्सकाठ
मास्तरांचा हिशोब बरोबर. आता ६७.९४ चं. नियमावलीत "राउंडिंग" हा शब्द शोधा. विषयाचे गुण पूर्णांकात, वर्षाची सरासरी एक किंवा दोन दशांशांत, आणि शेवटचा आकडा कसा, हे तिथे टप्प्याटप्प्याने दिलेलं असतं. पट्टा ६८.०० असा दोन दशांशांत लिहिला असेल तर ६७.९४ बाहेर. शेवटी पूर्णांक करत असतील तर आत. वाचून समजलं नाही तर तिने विभागाच्या ऑफिसला ईमेल करावी आणि उत्तर लेखी घ्यावं. असा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही, आम्हाला रोज येतात.

क्रेडिटची अट बघा. ७१ चे २० क्रेडिट तिच्या हातात आहेत. डिझर्टेशन ७० च्या वर गेलं की ४० आणखी, म्हणजे ६० पुरे. दोन्ही विषयांत थोडं कमी पडलं तरी ही अट पूर्ण होते, पण डिझर्टेशन ६९ ला अडकलं तर उरलेले दोन्ही विषय ७० च्या वर लागतील. शिवाय डिझर्टेशनचा एक गुण एकूण आकड्यात ०.२२ ने भर घालतो, विषयाचा ०.११ ने. तुमच्या हिशोबात डिझर्टेशन ७३ केलं तर ६७.९४ चे ६८.१७ होतात.

त्यामुळे तिला म्हणावं, सुपरवायझरबरोबरच्या उरलेल्या सगळ्या भेटी घे. एका तरी प्रकरणाचा मसुदा लवकर दाखव, कारण बहुतेक ठिकाणी ठरावीक तारखेनंतर मसुदा वाचत नाहीत. आणि मूल्यमापनाच्या निकषांमध्ये ७० च्या वरच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते समोर ठेवून लिही. अर्थशास्त्रात तिथे बहुधा स्वतःचा युक्तिवाद आणि आपल्या विदेच्या (डेटाच्या) मर्यादांची चर्चा मागतात. ६८ वाली बरीच डिझर्टेशन्स मी वाचली आहेत. त्यात आकडेमोड नीट असते, पण निष्कर्षाचं प्रकरण दोन पानांत उरकलेलं असतं.

मृण्मयी_को
तिला हे जसंच्या तसं पाठवलं. शुक्रवारी सुपरवायझरची भेट आहे, निष्कर्षाचा मसुदा घेऊन जाते म्हणाली. राउंडिंगची ईमेलही आजच करतेय. उत्तर आलं की इथे लिहीन.